कच्चं सोयाबीन, फणसाच्या आठळ्या आणि एरंडाची बी: वनस्पतींतली प्रोटीन्स कॅन्सरच्या पेशीला कशी अडवतात

कच्चं सोयाबीन उंदरांना खाऊ घातलं तर उंदीर नीट वाढत नाहीत आणि तेच सोयाबीन शिजवून दिलं की वाढायला लागतात, हे ऑस्बर्न आणि मेंडेल ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिलं होतं. पुढे हळूहळू कारण कळलं, की दाण्यात काही प्रोटीन्स अशी असतात जी खाणाऱ्याच्या पोटातल्या पचनाच्या एन्झाइम्सना धरून बसतात आणि काम करू देत नाहीत, आणि शिजवल्यावर ती बऱ्याच अंशी बिघडतात. झाडाच्या बाजूने बघितलं तर हे अगदी सरळ आहे, बी म्हणजे त्याची पुढची पिढी, ती किड्याने, उंदराने, पाखराने फस्त करू नये म्हणून केलेली ही सोय. राजमा अर्धाकच्चा राहिला तर उलट्या होतात, एरंडाची बी चावून खाल्ली तर जीव जाऊ शकतो, गुंजेचंही तेच, आणि ह्या सगळ्यामागे प्रोटीन्सच आहेत.

कॅन्सरचा विषय असताना हे आधी का सांगतेय, तर "अमुक वनस्पतीतलं प्रोटीन कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतं" अशा ज्या बातम्या येतात त्यातली बरीचशी प्रोटीन्स ह्याच जातकुळीतली आहेत. दुसऱ्या जिवाच्या पेशीत काहीतरी अडवून ठेवणं हेच त्यांचं मूळ काम, त्यामुळे लॅबमधल्या काचेच्या ताटलीत कॅन्सरच्या पेशींवर ती टाकली की पेशी थांबतात यात आश्चर्य काहीच नाही, आणि बातमीही खोटी नसते. पण ती कुठल्या कुठल्या पेशींना थांबवतात, किती प्रमाणात लागतात आणि माणसाच्या शरीरात गाठीपर्यंत पोचणार कशी, सगळा प्रश्न इथे आहे, आणि फॉरवर्डमध्ये नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

अजून एक गोष्ट वेगळी काढून ठेवू म्हणजे पुढे गोंधळ नको. वनस्पतींपासून आलेली कॅन्सरची औषधं आज हॉस्पिटलमध्ये रोज वापरली जातात, आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन आलं, यू नावाच्या झाडाच्या सालीतून पॅक्लिटॅक्सेल आलं, सह्याद्रीतल्या नरक्यामध्ये कॅम्पटोथेसिन असतं ज्याची सुधारित रूपं आतड्याच्या आणि इतर कॅन्सरमध्ये देतात. पण हे रेणू छोटे आहेत, ही प्रोटीन्स नाहीत. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, विशिष्ट पद्धतीने घडी पडलेली, आणि ती घडी बिघडली की काम संपलं. छोटा रेणू बऱ्याचदा पेशीच्या आवरणातून सहज आत जातो, प्रोटीनला तसं जमत नाही. पुढचं सगळं ह्या फरकावर उभं आहे.

सोयाबीनपासूनच सुरुवात करू, कारण त्यावर काम सर्वात चिकाटीने झालंय आणि त्याची चाचणी माणसांवर झालीय. १९४६ साली बोमन ह्या शास्त्रज्ञाने सोयाबीनमधल्या एका प्रोटीनचं वर्णन केलं आणि पुढे इस्राएलमध्ये यहुदित बिर्क यांनी ते शुद्ध करून अभ्यासलं, म्हणून त्याला बोमन-बिर्क इनहिबिटर म्हणतात, मी नुसतं बोमन-बिर्क म्हणेन. अगदी छोटं प्रोटीन आहे, फक्त ७१ अमिनो आम्लांचं, पण त्यात गंधकाचे सात पूल आहेत जे साखळीला आतल्या आत घट्ट बांधून ठेवतात, त्यामुळे उष्णता आणि पोटातलं आम्ल ह्या दोन्हीला ते इतर प्रोटीन्सपेक्षा बरंच जास्त टिकतं. त्याला दोन तोंडं आहेत, एका तोंडाने ट्रिप्सिन धरतं आणि दुसऱ्याने कायमोट्रिप्सिन, ही दोन्ही प्रोटीन कापणारी एन्झाइम्स.

आता प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइम्सचा कॅन्सरशी काय संबंध? खूप आहे. कॅन्सरची पेशी जिथे जन्मते तिथेच बसून राहत नाही, तिला आजूबाजूच्या ऊतींमध्ये शिरायचं असतं, आणि त्यासाठी पेशींच्या मधलं जे जाळं असतं ते कापावं लागतं, ते काम अशी एन्झाइम्स करतात. जिथे सतत सूज आणि जळजळ आहे तिथेही रक्तातल्या पांढऱ्या पेशी अशीच एन्झाइम्स सोडत असतात, आणि वर्षानुवर्षं चाललेली जळजळ कॅन्सरला पोषक असते. तिसरी गोष्ट पेशीच्या आत आहे. प्रत्येक पेशीत जुनी, नको असलेली प्रोटीन्स तोडणारी एक यंत्रणा असते, प्रोटिअझोम, आणि पेशीने विभागायचं की थांबायचं हे सांगणारी प्रोटीन्सही शेवटी तिथेच जातात. लॅबमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर बोमन-बिर्क टाकलं तेव्हा ही यंत्रणा मंदावली, त्यामुळे "थांब" सांगणारी पी-२१ आणि पी-२७ ही प्रोटीन्स तुटायची ती साठत गेली आणि पेशींची विभागणी कमी झाली. ही कल्पना हवेतली नाही, प्रोटिअझोम अडवणारं बोर्टेझोमिब हे औषध २००३ पासून मल्टिपल मायलोमा ह्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरलं जातंय, फक्त ते छोटा, बनवलेला रेणू आहे, सोयाबीनचं नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अ‍ॅन केनेडी यांनी ह्या प्रोटीनमागे अक्षरशः दशकं घालवली, आधी पेशींवर, मग प्राण्यांवर, आणि मग बोमन-बिर्क भरपूर असलेला सोयाबीनचा अर्क माणसांना देऊन बघायचं ठरलं. कोणाला द्यायचा? इथे निवडलेला आजार आपल्या फार ओळखीचा आहे, ल्युकोप्लाकिया. तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी, सिगरेट ह्यामुळे तोंडात आतून जो पांढरा, खरवडून न निघणारा चट्टा येतो तो. चट्टा म्हणजे कॅन्सर नाही, पण त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो, आणि भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर किती आहे हे वेगळं सांगायला नको. चाचणीसाठी हा आजार सोयीचा अशासाठी की चट्टा डोळ्यांनी दिसतो, मोजता येतो आणि औषध थेट तिथे लागतं, रक्तातून पोचायची भानगडच नाही.

कॅलिफोर्नियातल्या पहिल्या चाचणीत ३२ जणांना महिनाभर हा अर्क दिला. १० जणांचे चट्टे लक्षणीय कमी झाले, त्यातल्या दोघांचे तर पूर्ण गेले. ३१ टक्के! त्रास फारसा कोणाला नाही. इथपर्यंतची गोष्ट कोणी तुम्हाला पाठवली असती तर तुम्ही (आणि मीसुद्धा) सोयाबीन घ्यायला दुकानात गेलो असतो.

पण त्या चाचणीत सगळ्यांना अर्कच दिला होता, तुलनेला कोणी नव्हतं. म्हणून मग मोठी चाचणी झाली, सहा महिन्यांची, अर्ध्या लोकांना अर्क आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं पण प्रोटीन नसलेलं काहीतरी, म्हणजे प्लासिबो, आणि कोणाला काय मिळतंय ते ना पेशंटला माहीत ना तपासणाऱ्या डॉक्टरला. निकाल २०१३ मध्ये आला. अर्क घेतलेल्यांपैकी २८ टक्के लोकांचे चट्टे कमी झाले. प्लासिबो घेतलेल्यांपैकी ३० टक्के.

हे दोन आकडे मला ह्या सगळ्या विषयातले सर्वात महत्त्वाचे वाटतात. पहिल्या चाचणीतले ३१ टक्के खोटे नव्हते, ते चट्टे खरंच कमी झाले होते, पण ते बहुधा तसेही कमी झाले असते. असे चट्टे आपोआप कमीजास्त होत असतात, चाचणीत आल्यावर माणूस तंबाखू कमी करतो, तोंडाची काळजी घ्यायला लागतो, मोजण्यातही थोडा फरक पडतो, आणि हे सगळं दोन्ही गटांत सारखंच घडतं. म्हणून कोणी सांगितलं की अमक्याने अमुक रस घेतला आणि बरा झाला, तर माझा पहिला प्रश्न हाच असतो की रस न घेतलेल्यांचं काय झालं. आणि त्या शास्त्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर वाटतो, स्वतः इतकी वर्षं जपलेल्या कल्पनेला त्यांनी अशा कडक परीक्षेला बसवलं आणि जे आलं ते छापलं.

सोयाबीनमध्येच ल्युनासिन नावाचं आणखी एक छोटं प्रोटीन आहे, ४३ अमिनो आम्लांचं, ते पेशीच्या केंद्रकात जाऊन डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रोटीन्सना चिकटतं, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलंय. त्यातली गंमत अशी की एकटं ल्युनासिन पचनाच्या एन्झाइम्समध्ये टाकलं तर लगेच तुकडे होतात, पण सोबत बोमन-बिर्क असेल तर ते एन्झाइम्सना अडवून धरतं आणि ल्युनासिन वाचतं. म्हणजे दाण्यात जे आहे ते एकमेकांना सांभाळून आहे, वेगळं काढलं की हिशोब बदलतो.

आता फणस. आठळ्यांमध्ये जॅकॅलिन नावाचं प्रोटीन भरपूर असतं. हे लेक्टिन प्रकारातलं आहे, लेक्टिन म्हणजे साखर ओळखून तिला चिकटणारं प्रोटीन. आपल्या पेशींच्या बाहेरच्या बाजूला साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या लागलेल्या असतात, चहातली साखर नाही, पण त्याच कुळातली. निरोगी पेशीवर ह्या साखळ्या पूर्ण वाढलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशीत बऱ्याचदा हे काम अर्धवट राहतं आणि एरवी झाकलेला आतला तुकडा उघडा पडतो, त्याला टी-अँटिजेन म्हणतात, मोठ्या आतड्याच्या आणि इतर अनेक कॅन्सरमध्ये तो दिसतो. जॅकॅलिन नेमकं ह्या तुकड्याला चिकटतं. लिव्हरपूलमधल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकून बघितलं तर पेशींची वाढ मंदावली, आणि पेशी मेल्या नाहीत, नुसत्या सावकाश झाल्या.

पण त्याच लोकांनी दुसरं एक लेक्टिनही बघितलं, शेंगदाण्यातलं. तेही त्याच टी-अँटिजेनला चिकटतं. आणि त्याने पेशींची वाढ मंदावली नाही, वाढली!

तीच साखर, दोन्ही रोजच्या खाण्यातल्या वस्तू, आणि परिणाम उलटा. असं का होतं, तर पेशीवर टी-अँटिजेन एकाच प्रोटीनवर नसतो, अनेकांवर असतो, आणि कुठलं लेक्टिन त्यातल्या नेमक्या कोणाला, कुठल्या कोनातून, किती जणांना एकत्र बांधून धरतं ह्यावर आत काय संदेश जाणार ते ठरतं. ह्या दोन्ही प्रोटीन्सची त्रिमिती रचना आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये एम. विजयन यांच्या गटाने उलगडली, शेंगदाण्याच्या लेक्टिनची १९९४ मध्ये आणि जॅकॅलिनची १९९६ मध्ये, आणि दोन्हीची ठेवण एकमेकांपासून एकदम वेगळी निघाली. त्यामुळे "लेक्टिन कॅन्सरला मारतात" किंवा "लेक्टिन विषारी असतात, सगळी कडधान्यं बंद करा" ही दोन्ही वाक्यं मला सारखीच चुकीची वाटतात, कुठलं लेक्टिन ते सांगा, मग बोलू.

लगेच कोणी शेंगदाणे सोडू नका हं. कच्च्या शेंगदाण्यातलं लेक्टिन खाल्ल्यावर थोडं न पचता रक्तापर्यंत पोचतं हे दाखवलं गेलंय, पण शेंगदाण्याने माणसाला कॅन्सर होतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही, ताटलीतल्या पेशी आणि माणूस ह्यात अंतर आहे आणि ते अंतर चांगल्या बातमीला लागू आहे तसंच वाईट बातमीलाही आहे. आणि आठळ्या आपण उकडून, भाजून किंवा भाजीत घालूनच खातो, उष्णतेने लेक्टिनची घडी बिघडते, तेव्हा आठळ्यांची भाजी चवीसाठी खावी, औषध म्हणून नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर कारल्याबद्दलही सांगते, कारण त्याबद्दल सर्वात जास्त विचारलं जातं. कारल्यात मॅप-३० नावाचं प्रोटीन आहे, न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया ली-हुआंग आणि सहकाऱ्यांनी ते १९९० मध्ये वेगळं केलं, आणि उंदरांमध्ये वाढवलेल्या माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठींवर त्याचा परिणाम दिसला. पण ते शुद्ध केलेलं प्रोटीन होतं आणि इंजेक्शनने दिलं होतं. कारल्याचा रस प्यायल्यावर त्यातल्या प्रोटीनचं पोटात बहुतांश तेच होतं जे डाळीतल्या आणि अंड्यातल्या प्रोटीनचं होतं, तुकडे होऊन अमिनो आम्लं बनतात. घरात कोणाला डायबेटिस असेल तर तुम्हाला हे आधीच माहीत आहे, इन्सुलिन हेही प्रोटीन आहे आणि म्हणूनच ते गोळी म्हणून न देता टोचावं लागतं. शिवाय कारल्याचा रस साखर कमी करू शकतो, केमो चालू असलेला माणूस आधीच धड जेवत नसतो, त्यात डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, तेव्हा असं काही घेत असाल तर डॉक्टरांना नक्की सांगा, ते रागावतील म्हणून लपवू नका.

आता एरंड. इथे मामला फारच गंभीर आहे. एरंडाच्या बीमधलं रायसिन १८८८ साली स्टिलमार्क नावाच्या तरुण संशोधकाने डोरपाट विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूमध्ये, वेगळं केलं. (एरंडेल तेलात रायसिन येत नाही, ते पेंडीत राहतं, आणि ती उष्णता देऊन निर्विष करावी लागते.) रायसिनचे दोन भाग असतात, ए आणि बी. बी भाग पेशीच्या बाहेरच्या साखरेला चिकटतो, म्हणजे तोही लेक्टिनच, आणि पेशी सगळंच रायसिन आत ओढून घेते. आत गेल्यावर दोन्ही भाग सुटे होतात आणि ए भाग रायबोझोमकडे जातो. रायबोझोम म्हणजे पेशीत प्रोटीन बनवणारी यंत्रणा, हजारो अणुरेणूंची मोठी जुळणी, आणि ए भाग त्यातला अडेनिन नावाचा फक्त एक छोटा तुकडा काढून टाकतो. एकच, ठरलेल्या जागेवरचा. घड्याळाच्या चाकाचा नेमका एक दाता मोडल्यावर अख्खं घड्याळ बंद पडावं तसं ते रायबोझोम कायमचं बंद पडतं. हे नेमकं कसं होतं ते जपानच्या याएता एंडो यांनी १९८७ मध्ये शोधलं. आणि एक ए भाग एका मिनिटात हजाराहून जास्त रायबोझोम्स असे निकामी करू शकतो, म्हणून रायसिन इतक्या सूक्ष्म प्रमाणात जीव घेतं.

असलं विष कॅन्सरवर वापरायचा विचार कोणी करेल का? केला. १९७० मध्ये तैवानच्या संशोधकांनी उंदरांच्या गाठींवर रायसिन आणि गुंजेतलं अ‍ॅब्रिन ह्यांचा परिणाम दाखवला, आणि १९८४ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी कॅन्सर खूप पुढे गेलेल्या ५४ पेशंट्सना अतिशय कमी, मायक्रोग्रॅममधल्या डोसमध्ये रायसिन शिरेतून दिलं. थकवा, फ्लूसारखा ताप आणि अंगदुखी, फायदा नगण्य, आणि शरीर काही आठवड्यांतच रायसिनविरुद्ध अँटिबॉडी बनवायला लागलं, म्हणजे पुढचा डोस वाया. मूळ अडचण अशी की बी भाग ज्या साखरेला चिकटतो ती जवळजवळ प्रत्येक पेशीवर असते, कॅन्सरची पेशी आणि यकृताची पेशी त्याला सारख्याच.

मग विचार असा झाला की बी भाग काढूनच टाकू, तो नसला तर ए भाग स्वतःहून पेशीत फारसा शिरू शकत नाही, आणि त्याच्या जागी अशी अँटिबॉडी जोडू जी फक्त कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखते. ह्याला इम्युनोटॉक्सिन म्हणतात. कल्पना म्हणून मला हे फार सुंदर वाटतं, मारायचं काम झाडाच्या प्रोटीनचं, ओळखायचं काम अँटिबॉडीचं. अमेरिकेत रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंट्सवर अशा जोड्यांच्या चाचण्या झाल्या, काहींचा आजार खरोखर कमी झाला, पण रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपून अंगावर सूज येण्याचा त्रास इतका होता की डोस वाढवता येईना. शिवाय टणक गाठीच्या आत एवढं मोठं प्रोटीन नीट पोचत नाही, म्हणून रक्ताच्या कॅन्सरमध्येच जास्त आशा होती. ह्याच पद्धतीचं, पण जंतूपासून मिळवलेलं विष वापरणारं मोक्सेटुमोमॅब हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत एका दुर्मिळ रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, नंतर बाजारातून काढून घेतलं गेलं. वनस्पतीच्या प्रोटीनवरचं मात्र एकही अजून मंजुरीपर्यंत पोचलेलं नाही.

काम थांबलेलं नाही. आपल्या कंपाउंडवर फुललेली बोगनवेल आहे ना, तिच्या पानांमध्ये बोगॅनिन नावाचं प्रोटीन आहे, इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाच्या गटाने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. ते रायसिनच्या ए भागासारखंच रायबोझोम बंद पाडतं, पण त्याला बी भाग मुळातच नाही, त्यामुळे एकटं असताना ते तुलनेने निरुपद्रवी. कॅनडातल्या संशोधकांनी त्याच्या साखळीतली काही अमिनो आम्लं मुद्दाम बदलली, कारण आपली प्रतिकारशक्ती प्रोटीनचे जे तुकडे ओळखून चिडते ते तुकडेच राहू नयेत, आणि मग ते अनेक कॅन्सरच्या पेशींवर जास्त प्रमाणात असणारी एपकॅम नावाची खूण ओळखणाऱ्या अँटिबॉडीच्या तुकड्याला जोडलं. ते माणसांवरच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेलं, म्हणजे अजून फक्त डोस आणि सुरक्षितता तपासण्यापर्यंत.